या वहीतून त्या वहीत

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात एक शिलालेख आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी भाविकांची श्रद्धा, म्हणून लोक त्याला ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ म्हणतात. शिळेवरचा मजकूर शके ११९५ ते ११९९ या काळातला, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ मधला. विठ्ठलाच्या देवळासाठी कुणी काय दिलं याची ती यादी आहे. देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव तिच्यात आहे, त्याचा प्रधान हेमाद्री आहे, आणि इतिहासाला एरवी कधीच माहीत झाली नसती अशी कितीतरी माणसंही त्यांच्याच पंगतीला आहेत. राजा असो की साधा भक्त, ज्यानं दिलं त्याचं नाव नोंदवायचं, हा नियम त्या दगडावर पाळलेला दिसतो.

पंढरपूरचा दुसरा ठेवा दगडाचा नाही, शब्दांचा आहे. तो कुणा राजानं दिलेला नाही. एखादा अभंग कुणाच्या कानावर पडला, त्याला तो आवडला, त्यानं तो आपल्या गावी जाऊन म्हटला. ऐकणाऱ्यांपैकी कुणी तो उतरवून घेतला, आणि ती वही पुढच्या वारीला पुन्हा पंढरपुरात आली. सहाशे-सातशे वर्षं ही देवघेव चालली. आज आपण ज्याला संतसाहित्य म्हणतो ते एवढ्या मोठ्या प्रमाणात हाती लागलं याचं श्रेय या देवघेवीला आहे. पण देवघेव करताना ‘हे कुणाचं, कुणाकडून मिळालं’ हा प्रश्न सगळ्यांनीच विचारला असं नाही. जिथे तो विचारला गेला तिथे ठेवा शाबूत राहिला, जिथे विसरला गेला तिथे सरमिसळ झाली. त्या प्रश्नाचा हा इतिहास आहे.

कानांची वाट

अभंग आधी कानांनी पसरला. त्यातही सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा अशी रीत होती. चोखामेळ्यांचे अभंग अनंतभट्टानं उतरवले, सावता माळ्यांचे काशिबा गुरवानं लिहिले, असं वारकरी परंपरा सांगते. संतांची नावं सांगताना परंपरा त्यांच्या लेखकांचीही नावं सांगते, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्या चोखोबांना देवळाच्या पायरीपलीकडे जाता येत नव्हतं, त्यांचे शब्द एका भटानं लिहून घेतले. आज चोखोबांची समाधी नामदेव पायरीसमोर आहे आणि त्यांचे अभंग प्रत्येक फडावर गायले जातात. या प्रवासात लिहून घेणाऱ्या त्या हाताचाही वाटा आहे, आणि परंपरेनं तो कबूल केला आहे.

रचनेच्या पोटातही नावाची सोय होती. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’ ही अखेरच्या चरणातली नाममुद्रा म्हणजे अभंगावरचा शिक्काच. वही फाटली, पहिलं पान गळलं, लिहिणारा विसरला, तरी अभंग कुणाचा ते अभंगच सांगतो. तोंडी फिरणाऱ्या साहित्याला हा मोठाच आधार होता.

किती लांब फिरत होतं हे साहित्य! पंढरपूरचे नामदेव शिंपी. त्यांची पदं उत्तरेत इतकी रुजली की १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा त्यात नामदेवांची ६१ पदं आली. ग्रंथाची मांडणी रागांनुसार आहे, आणि नामदेवांची पदं जिथे येतात तिथे वर त्यांचं नाव दिलेलं आहे. पंजाबातल्या घुमानला त्यांचं स्मारक आहे. तिथेच २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि मराठी माणूस आपल्या शिंप्याचा माग काढत गुरदासपूर जिल्ह्यात पोचला. चंद्रभागेच्या वाळवंटातला आवाज अमृतसरच्या ग्रंथात नावानिशी टिकला, कारण घेणाऱ्यांनी देणाऱ्याचं नाव गाळलं नाही.

तुकोबांच्या बाबतीत तर हा प्रसार त्यांच्या हयातीतच सुरू झाला. त्यांच्या शिष्या बहिणाबाई यांनी आपलं आत्मचरित्र अभंगांतच लिहून ठेवलं आहे. कोल्हापुरात जयराम गोसाव्यांच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग आपल्या कानी पडले आणि त्यांचा ध्यास लागला, असं त्या सांगतात. देहू कुठे, कोल्हापूर कुठे! ना छापखाना, ना टपाल. तरी कवी जिवंत असतानाच त्याचे शब्द दुसऱ्या मुलखातल्या कीर्तनात रंगत होते, आणि ऐकणारी एक मुलगी ते कुणाचे याची चौकशी करत होती. पुढे ती देहूला आली ती त्या चौकशीच्याच बळावर.

बाड

ऐकलेलं हातून निसटू नये म्हणून बाडं आली. पोथी आणि बाड यांत फरक आहे. पोथीची पानं सुटी, आडवी. अक्षर एकसारखं, समास आखलेले. ती सोवळ्यात गुंडाळून ठेवायची, पाटावर मांडून वाचायची. बाड म्हणजे हातकागदाचे ताव दुमडून एका कडेला शिवलेली वही. ते काखोटीला मारून वारीला नेता येतं, कीर्तनाला उभं राहण्यापूर्वी घाईनं चाळता येतं.

असं एखादं बाड उघडून बघावं. बोरूनं आणि काळ्या शाईनं लिहिलेलं, कुठे बाळबोध, कुठे मोडी. एका पानावर तुकोबांचे चार अभंग, खाली नामदेवांचा एक, लगेच पुढे कबीराचा दोहा. मध्येच एखाद्या संताची आख्यायिका, कीर्तनात दृष्टांत म्हणून सांगण्याजोगी. एका अभंगाचा पहिला चरणच लिहिलेला, कारण पुढचं लिहिणाऱ्याला पाठच होतं. समासात वेगळ्या हातानं घातलेली दुरुस्ती. कडा बोटांनी काळ्या पडलेल्या, आणि सर्वांत जास्त त्याच पानांच्या, जी सर्वांत जास्त उघडली गेली.

ज्याला जे उपयोगी वाटलं, आवडलं, पुन्हा लागेलसं वाटलं, ते त्यानं बाडात घेतलं. म्हणून कुठलंही बाड दुसऱ्या बाडासारखं नसतं. अमेरिकी अभ्यासक ख्रिश्चन नोव्हेत्स्के यांनी नामदेवांवरच्या २००८ च्या आपल्या पुस्तकात या बाडांचा बारकाईनं विचार केला आहे. कीर्तनकाराच्या हातचं साधन म्हणून बाड पाहिलं पाहिजे, पोथीची गबाळी आवृत्ती म्हणून नव्हे, असा त्यांचा रोख आहे. वारकरी कीर्तनाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हे लगेच पटेल.

या बाडांची खरी बाजारपेठ पंढरपूर. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री अशा चार वाऱ्या. त्यांतही आषाढीला आलेली मंडळी चातुर्मासासाठी राहत. निरनिराळ्या फडांचे लोक मठांत उतरत, रोज काकडा, प्रवचन, कीर्तन, हरिपाठ. मराठवाड्यातला टाळकरी वऱ्हाडातल्या कीर्तनकाराचं ऐके. एखादा अभंग आपल्याकडे नाही असं दिसलं की तो कीर्तन संपल्यावर जवळ जाऊन मागून घेई. मागितलेला अभंग नाकारायचा नाही, हा तिथला संस्कार होता. पंधरा कोसांवरच्या दोन गावांचा एरवी संबंध येणार नाही, पण पंढरपुरात त्यांच्या वह्या एकमेकींना भेटत. चार महिन्यांनी माणूस परतला की त्याच्या बाडात नवी पानं असत आणि गावाला नवे अभंग मिळत.

या प्रेमातच धोकाही होता. नामदेवांचंच बघा. त्यांच्यानंतर विष्णुदास नामा झाले, त्यांनी आख्यानं रचली, अभंग रचले, आणि तेही ‘नामा’च म्हणवत. ‘नामा’ या मुद्रेनं लिहिणारे आणखीही होते. बाडात उतरवून घेताना कुठला नामा हे कुणी लिहिलं नाही, कारण लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं, किंवा त्याची त्याला गरज वाटली नाही. आज नामदेवांची गाथा हाती घेणाऱ्या अभ्यासकाला प्रत्येक अभंगापाशी थांबून विचार करावा लागतो. लिहिणाऱ्याला ज्या नोंदीसाठी दोन शब्द लागले असते, तिच्या अभावी अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या.

दोन काटेकोर माणसं

हा धोका परंपरेतल्याच शहाण्यांनी ओळखला होता. पैठणच्या एकनाथ महाराजांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीला तीनशे वर्षं होत आली होती. नकलेवरून नक्कल होत पाठ बिघडले होते, भाविकांनी प्रेमानं आपल्याही ओव्या मध्ये घातल्या होत्या. एकनाथांनी प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी त्यांनी पुढच्यांना स्पष्ट बजावलं की या ग्रंथात कुणी आपली ओवी घालू नये. स्वतः ते केवढे कवी! भागवत, भावार्थ रामायण, भारुडं त्यांच्या नावावर आहेत. तरी दुसऱ्याचं पुढे देताना आपला शब्द त्यात मिसळू द्यायचा नाही, हा संयम त्यांनी पाळला. वि. का. राजवाडे यांना पुढे बीड जिल्ह्यातल्या पाटांगण इथे ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत मिळाली. ती एकनाथांच्याही आधीची आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि १९०९ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिथून पुढे पाठांची चर्चा झाली ती कुठली प्रत कुठून आली हे सांगूनच.

दुसरा माणूस महिपती. नगर जिल्ह्यातलं ताहराबाद हे त्यांचं गाव, घराणं कुलकर्ण्यांचं, आणि पंढरीची वारी त्यांच्या घरची. एकदा पूजेत असताना जहागीरदाराचं बोलावणं आलं आणि शिपायानं अडवून धरलं, तेव्हा काम उरकून परत आल्यावर त्यांनी कानावरची लेखणी देवापुढे ठेवली, आणि यापुढे ती संतांच्या चरित्रांखेरीज कशालाही लावणार नाही असं ठरवलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. त्या लेखणीनं १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ आणि १७७४ मध्ये ‘भक्तलीलामृत’ लिहिलं. पुढे घराघरांत देव्हाऱ्यापाशी वाचली गेलेली ही पुस्तकं. सामान्य मराठी माणसाला संतांच्या गोष्टी ज्या रूपात माहीत आहेत ते रूप बहुतांशी महिपतींचं.

महिपतींची थोरवी त्यांच्या रसाळपणात आहेच, पण ‘भक्तविजया’च्या आरंभी ते काय सांगतात तेही बघावं. हा ग्रंथ मी आपल्या मतीनं रचलेला नाही, असं ते म्हणतात. उत्तरेत नाभाजींनी संतचरित्रं लिहिली, माणदेशात उद्धवचिद्घनांनी लिहिली, त्या दोघांचं एकत्र करून मी सांगतो, असं ते नाव घेऊन सांगतात. देव्हाऱ्यापाशी ऐकणाऱ्या श्रोत्यांनी त्यांना आधार मागितला नसता. महिपतींनी तो आपण होऊन दिला. १९३० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी पंडित नरहर गोडबोले यांच्या साथीनं ‘भक्तविजया’चं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा जगभरच्या वाचकांनाही तो आधार मिळाला.

चोवीस हजार रुपये आणि चार प्रती

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि बाडांतला ठेवा पुस्तकांत यायला लागला. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ काढलं. मराठी कवितेतले निवडक वेचे एका ठिकाणी देणारं ते पुस्तक शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि शिकलेल्या मुलांना आपल्या भाषेत एवढी कविता आहे हे पहिल्यांदा कळलं. पण वेचे म्हणजे वेचे. तुकोबांचे सगळे अभंग एकत्र, विश्वासार्ह पाठात, कुणाच्याच हाती नव्हते.

त्याची निकड १८६० च्या दशकात दोन बाजूंनी वाटू लागली. मुंबईत १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं तिथे तुकोबांच्या अभंगांवर बोलू लागली. दुसरीकडे, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे प्रमुख सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्याच साली इंग्लंडच्या ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ मध्ये तुकारामांवर लेख लिहिला. ग्रँट हे अ‍ॅरिस्टॉटलचे अभ्यासक. अभंगांची चांगली आवृत्ती निघावी यासाठी त्यांनी जोर लावला, आणि सरकारनं त्यासाठी २४,००० रुपये मंजूर केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. ग्रँट स्वतः १८६८ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या कामासाठी निघून गेले, पण काम मार्गी लागलं होतं.

ते केलं विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी, शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली. विष्णुशास्त्री हे विधवाविवाहाच्या चळवळीतले अग्रणी. शंकर पांडुरंग हे संस्कृतचे मोठे पंडित. नेमक्या याच वर्षांत ते कालिदासाच्या ‘रघुवंशा’ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करत होते. हा योग नीट लक्षात घ्यावा असा आहे. कालिदासाच्या पाठासाठी जी शिस्त, तीच देहूच्या वाण्याच्या अभंगांसाठी. प्रती गोळा करायच्या, अक्षर अक्षर ताडायचं, फरक नोंदवायचे. ज्या भाषेला संस्कृतच्या पंगतीत बसू दिलं जात नव्हतं, त्या मराठीला हा मान त्या आवृत्तीनं मिळवून दिला.

प्रती कुठून आणायच्या? प्रती होत्या त्या बाडं जपणाऱ्या गावांत. देहूला तुकोबांच्या घराण्यात प्रत होती. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्या ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ‘भिजकी वही’ म्हणून एक वही देहूच्या देवळात जपलेली होती. कडूस हे तुकोबांचे टाळकरी आणि लेखक गंगाराम मवाळ यांचं गाव, तिथे एक प्रत होती. तळेगावला त्र्यंबक कासारांनी जमवलेली प्रत होती. आणि चौथी पंढरपूरची.

या चारांत प्रत्येकीची वाट निराळी. देहूची प्रत रक्ताच्या नात्यानं आलेली, कडूसची लिहून घेणाऱ्या शिष्याच्या परंपरेतली, तळेगावची एका कासार भक्तानं आवडीनं जमवलेली. पंढरपूरची प्रत म्हणजे जिथे हे अभंग रोज गायले जातात त्या गावची. घराण्यात जपलेला पाठ आणि गायनात रुळलेला पाठ समोरासमोर ठेवायचे तर पंढरपूर वगळून चालणार नव्हतं.

मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात पहिला खंड १८६९ मध्ये आणि दुसरा १८७३ मध्ये छापून झाला. जनार्दन सखाराम गाडगीळ यांनी लिहिलेलं तुकोबांचं इंग्रजी चरित्र त्याला जोडलं होतं. दोन्ही खंडांत मिळून ४,६०७ अभंग. प्रत्येक अभंगाला क्रमांक. आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात पाठभेद: अमुक प्रतीत हा शब्द असा आहे, तमुक प्रतीत हा चरण नाही. वर अभंग वाचताना मन रमतं, आणि खाली नजर गेली की चार गावं दिसतात. संपादकांनी आपल्याला पटलेला शब्द वर ठेवला, पण न पटलेला फेकला नाही. तो खाली, जिथून आला त्या गावासह ठेवला. वाचणाऱ्याला निवाडा बदलायची मुभा ठेवली. या एका पानात, माझ्या मते, मराठी ग्रंथसंपादनाची उंची सामावली आहे. बाडाबाडांतून हरवलेली ‘कुणाकडून मिळालं’ ही नोंद तिथे पुन्हा जागेवर आली.

वाढत गेलेली गाथा, आटत गेलेली गाथा

या आवृत्तीनं वाद मिटले नाहीत, उलट मांडायला जागा मिळाली. ‘जातिभेद विवेकसार’ लिहिणारे तुकारामतात्या पडवळ यांनी १८८९ मध्ये तुकोबांची गाथा काढली, तिच्यात अभंगांचा आकडा आठ हजारांच्याही पुढे गेला. जिथे जिथे ‘तुका म्हणे’ मिळालं तिथून ते घ्यायचं, काही सुटू द्यायचं नाही, ही त्यामागची तळमळ. दुसऱ्या टोकाला वि. ल. भावे. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या भाव्यांना तुकोबांचे दुसरे लेखक संताजी जगनाडे यांच्या घराण्यातल्या वह्या मिळाल्या. तुकोबांच्या अगदी जवळच्या माणसाच्या हातचं एवढंच खात्रीचं मानून त्यांनी १९१९ आणि १९२० मध्ये ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ दोन भागांत छापला. त्यात अभंग तेराशेच्या आसपास.

आठ हजार आणि तेराशे! एकाच कवीचे. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे अडीचशे वर्षांच्या देवघेवीचा हिशेब आहे. पडवळांच्या गाथेत प्रेमानं जोडलेलं, चुकून शिरलेलं, दुसऱ्याचं तुकोबांच्या नावावर पडलेलं बरंच असणार. भाव्यांच्या गाथेत तुकोबांचंच पण संताजींच्या वहीत न पोचलेलं पुष्कळ सुटलेलं असणार. मला या दोघांतल्या कुणालाच दोष द्यावासा वाटत नाही, कारण दोघांनीही आपलं कुठून आलं ते सांगितलं. भाव्यांनी संताजींचं नाव पुस्तकाच्या कपाळावर लावलं म्हणून त्यांच्याशी वाद घालता आला. आधार सांगितलेला असला की चूक दुरुस्त होऊ शकते.

जे. नेल्सन फ्रेझर आणि का. बा. मराठे यांनी १९०९ ते १९१५ या काळात तुकोबांचं इंग्रजी भाषांतर तीन खंडांत केलं. १९५० मध्ये तुकोबांच्या निर्वाणाला तीनशे वर्षं झाली तेव्हा मुंबई सरकारनं पु. मं. लाड यांच्या संपादनाखाली गाथा काढली, ती १८६९-७३ च्या आवृत्तीचा आधार घेऊन. अभंग तेच ४,६०७. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथून आलेल्या वह्यांचं काम अशा रीतीनं स्वातंत्र्यानंतरच्या पिढीलाही पुरलं.

छापील गाथा पंढरपुरात

मुंबईत छापलेलं पंढरपुरात कसं पोचलं, हा या कथेचा पुढचा भाग. वारकऱ्यांनी छापील पुस्तक दूर लोटलं नाही. विष्णुबुवा जोग यांनी १९०९ मध्ये सार्थ गाथा काढली. अभंग आणि खाली त्याचा अर्थ. ज्यांना गुरू जवळ नव्हता त्यांना ती गुरूच्या जागी झाली. त्याच जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि कीर्तन-प्रवचन शिकण्याचं दार कुठल्याही घरातल्या मुलाला उघडलं. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा फाटा पंढरपूरपर्यंत आला होता. पायी दिंडीच्या जोडीनं आता छोट्या गाडीतूनही वारकरी उतरत, आणि त्याच गाडीनं पुस्तकांचे गठ्ठेही उतरत.

आज मंदिराच्या आसपासच्या गल्लीतून जा. तुळशीच्या माळा, बुक्का, कुंकू, चुरमुरे, टाळ आणि त्याच फळ्यांवर पुस्तकं. खिशात मावणारा हरिपाठ, जाड पुठ्ठ्याची गाथा, ‘भक्तविजय’, आणि भजनी मालिका. ही भजनी मालिका म्हणजे छापील बाडच. कुठल्या वाराला कुठले अभंग, आरंभी कुठला, शेवटी कुठला, असा गाण्याचा क्रम तिच्यात लावून दिलेला. दुकानदारही जाणकार असतो. ‘गाथा द्या’ म्हटलं की ‘कुठली? सार्थ की मूळ? देहूची की जोग महाराजांची?’ असं तो विचारतो. ही विचारणा म्हणजे १८६९ च्या तळटीपांचाच बाजारातला वारसा.

फडावरही ही शिस्त आहे. कीर्तनात महाराजांनी एखादा चरण वेगळा म्हटला तर मागे उभ्या टाळकऱ्यांत कुणी तरी तो सावरून घेतो. भजन संपल्यावर चर्चा होते, कुठल्या गाथेत काय आहे यावर खल होतो. ज्यांना नुसतं भोळं म्हणून सोडून दिलं जातं ते वारकरी पाठाच्या बाबतीत किती चोखंदळ असतात, हे एक चातुर्मास पंढरपुरात राहिलं की कळतं.

आता हाती मोबाइल आहे

आज प्रत्येक हातात बाड आहे. संपूर्ण गाथा मोबाइलवर आहे. एखादा शब्द आठवला तर तो लिहून अख्खा अभंग क्षणात शोधता येतो. हे भाग्य जगनाड्यांना, महिपतींना, शंकर पांडुरंगांना नव्हतं. सकाळी कुणी तरी एक अभंग पाठवतो आणि दुपारपर्यंत तो बोस्टनच्या मराठी कुटुंबापासून बार्शीच्या शेतकऱ्यापर्यंत पोचतो. वाटण्याची असोशी जुनीच आहे, आणि ती चांगलीच आहे. तिच्यामुळेच तर हा ठेवा आपल्यापर्यंत आला.

पण त्याच ओघात तुकोबांनी कधी न लिहिलेल्या ओळी ‘तुका म्हणे’ लावून फिरतात, बहिणाबाई चौधरींच्या ओव्या तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंच्या नावावर पडतात, आणि कवीचं नाव कापून त्याची कविता पुढे जाते. नामदेव आणि विष्णुदास नामा यांचं जे झालं ते आज रोज, हजारो कवींचं, तासाभरात होतं आहे. पुढच्या अभ्यासकाला ही सरमिसळ निस्तरता येणारच नाही, कारण त्याच्यापुढे बाडही नसेल. हस्ताक्षर नसेल, गावाचं नाव नसेल, समासातली दुरुस्ती नसेल.

उपाय अवघड नाही आणि तो आपल्याच परंपरेनं सांगून ठेवला आहे. दुसऱ्याच्या शब्दांत आपला शब्द मिसळायचा नाही, हे एकनाथांनी सांगितलं. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव आरंभीच घ्यायचं, हे महिपतींनी करून दाखवलं. चारही प्रतींचे फरक तळाशी उघड ठेवायचे, हे इंदुप्रकाशच्या गाथेनं घालून दिलं. आपल्याला यातलं निम्मं जरी पाळता आलं तरी पुरे. तुकोबांचा अभंग कुणाला पाठवायचा असेल तर आधी तो गाथेत आहे का ते पाहावं. सापडला तर कुठली गाथा आणि कितवा अभंग हे खाली लिहावं. सापडला नाही तर तुकोबांचं नाव काढून टाकावं आणि ‘मला अमक्याकडून मिळाला’ एवढं तरी प्रामाणिकपणे सांगावं. एका ओळीचं हे काम आहे. त्या एका ओळीमुळे घेणाऱ्याला मागे जाण्याची वाट मिळते, चुकलं असेल तर दुरुस्त करता येतं, आणि ज्यानं आधी सांभाळलं त्याचं ऋण मान्य होतं. चांगलं सापडलं की ते वाटावं, हे पंढरपूरनं आपल्याला केव्हाच शिकवलं आहे. वाटताना देणाऱ्याचं नाव सोबत द्यावं, हा त्याच शिकवणीचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो पाळणं आता आपल्या पिढीवर आहे.